थंडीच्या मुलखातून आली की दर वर्षी गळणारी मोटरहोम: पाणी कोंडतं कुठं?

तक्रार ठरलेली असते. मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, डिसेंबर-जानेवारीत मनाली, केलाँग, काझा असा बर्फाचा मुलूख फिरून येते. बेळगावात आल्यावर काही आठवडे ती शेडमध्येच उभी असते. मग पुढच्या सहलीच्या तयारीला टाकी भरतात, पंपाचं बटण दाबतात आणि गळती सुरू होते. कधी सगळे नळ बंद असूनही पंप थोड्या थोड्या वेळानं घर्र करून उठतो. कधी बाथरूमच्या मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, मुठीखालनं पाणी झिरपतं. कधी बाहेर काहीच दिसत नाही, पण सीटखालची प्लाय फुगते आणि कुबट वास यायला लागतो. भाग बदलला जातो. पावसाळ्यात आंबोली, चोर्ला, दांडेली अशा फेऱ्या विनातक्रार होतात. पुढच्या हिवाळ्यानंतर मात्र तोच भाग त्याच जागी पुन्हा फुटलेला असतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत गाड्यांच्या पाण्याच्या लाईनी बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. निपाणीच्या एका कुटुंबाची गाडी अशीच दर साली मिक्सरसाठी यायची. "मामा, गेल्या सालीच नवा घातलाय की हो. ह्यो माल बोगस दिसतोय," असं त्यांचं म्हणणं. मालात खोट नव्हती. महागातला मिक्सर घातला असता तरी तोही फुटला असता, कारण जिथं दोष होता तिथं कुणी हातच लावला नव्हता.

ते कुटुंब टाकी रिकामी करत होतं, अगदी नेमानं. पण टाकी रिकामी होणं वेगळं आणि लाईन रिकामी होणं वेगळं. त्यातही लाईन सुकी खडखडीत व्हायला हवी असं नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाईप अर्धाच भरलेला असेल आणि वरचं तोंड उघडं असेल, तर बर्फाला वाढायला जागा मिळते आणि काही बिघडत नाही. काठोकाठ भरलेला, दोन्हीकडून बंद असलेला तुकडाच फुटतो, मग त्यात पाणी चहाच्या कपभर का असेना. त्यामुळं गाडी थंडीसाठी तयार करायची म्हणजे पाणी कुठं कोंडतं ते शोधायचं आणि त्याला वाट करून द्यायची. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

बर्फ जिथं धरतो तिथंच पाईप फुटतो असंही नाही. गाडीच्या फरशीखालनं गेलेला पाईप वाऱ्याच्या झोतात असतो, म्हणून तो सगळ्यात आधी गोठतो. तिथं बर्फाचा बोळा तयार होतो आणि वाढत वाढत पुढचं पातळ पाणी बंद नळाकडं रेटत जातो. नळ बंद, मागं बर्फ, मधल्या पाण्याला पळायला जागा नाही. पाणी दाबून आवळत नाही, त्यामुळं दाब भराभर चढतो आणि त्या टप्प्यातला सगळ्यात नाजूक भाग तडकतो. बहुतेक वेळा तो मिक्सरचा कार्ट्रिज, म्हणजे मुठीखालची झडप, असतो, नाहीतर पंपाचं प्लास्टिकचं डोकं, नाहीतर फिटिंगचा आटा. म्हणून फुटतो मिक्सर आणि पाणी कोंडलेलं असतं चार फूट अलीकडं. भरीस भर म्हणजे तडा गेल्यावरही बर्फ त्या तड्याला बुचासारखा बसून राहतो, त्यामुळं तिकडं गळती दिसतच नाही. दिसते ती इथं आल्यावर. बेळगावच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही, त्यामुळं थंडीनं काही फुटलं असेल अशी शंकासुद्धा इथं कुणाला येत नाही.

आधी खात्री करून घ्या की हे नुकसान थंडीचंच आहे. पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा आणि दाब चढून पंप थांबला की गाडीत शांत बसून ऐका. थोड्या वेळानं पंप आपोआप उठला, तर एकतर लाईन कुठंतरी गळतेय किंवा पंपाच्या आतली झडप पाणी मागं टाकीत सोडतेय. दोष कुठल्या बाजूला आहे ते ओळखायला गिझरला जाणारी चावी बंद करून हीच परीक्षा परत घ्या. पंप आता उठत नसेल तर दोष गरम लाईनवर आहे. तरीही उठत असेल तर थंड लाईन आणि पंप तपासायचे. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून तासाभरानं बघावं, बोटाला न लागणारी ओलही कागदावर दिसते. फुटलेला भाग हातात आला की नीट न्याहाळा. थंडीनं फुटलेला पाईप बहुतेक लांबीच्या दिशेनं उभा चिरतो आणि चिरेच्या जागी किंचित फुगलेला असतो. सांधा ढिला होऊन गळत असेल तर गळती आट्यावर असते आणि पाईप धड असतो. पितळी फिटिंगला केसाएवढी बारीक रेघ जाते. ती दिसत नसेल तर फिटिंग पुसून कोरडं करा, त्यावर खडूची भुकटी चोळा आणि पाणी सोडा, रेघ ओली होऊन उठून दिसेल.

आता पाणी काढायचा क्रम. हे काम गोठायच्या मुलखात शिरण्याआधी करायचं असतं, तिथं पोचल्यावर नाही. किन्नौरच्या वाटेनं स्पितीला जात असाल तर रिकाँग पिओ सोडण्याआधी, मनालीकडून केलाँगला जात असाल तर अटल बोगद्याच्या अलीकडं. हिवाळ्यात मनालीत आणि रिकाँग पिओतसुद्धा रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळं तिथं मुक्काम असेल तर आदल्या दिवशीच, ऊन असताना करावं. अंधारात, बोटं गारठलेली असताना हे काम नीट होत नाही.

पहिल्यांदा गिझर बंद करून पाणी निवू द्या. कढत पाणी सोडायला गेलात तर हात भाजेल, आणि रिकामा गिझर चालू राहिला तर कॉइल जळेल. त्यानंतर पंपाचा स्विच बंद करा, टाकीचा आणि लाईनचा खालचा कॉक उघडा आणि मगच गाडीतला एकूण एक नळ उघडा: सिंकचा, बेसिनचा, शॉवरचा, आणि असेल तर बाहेर पाय धुवायचा. हा भाग लोक वगळतात. वरचा नळ बंद ठेवून खालचा कॉक उघडला तर थोडं पाणी येतं आणि थांबतं, कारण वरून हवा आत शिरायला वाट नसते. लाईन रिकामी झाली असं वाटतं, पण पाईप अजून भरलेलाच असतो.

मिक्सरची मूठ मधोमध ठेवून भागत नाही. ती उघडीच ठेवून आधी पूर्ण गरमकडं, मग पूर्ण थंडकडं, मग मध्ये अशी दोन-चारदा फिरवा. आतल्या कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंना बारीक खोबणी असतात, त्यातलं पाणी एकाच स्थितीत बाहेर पडत नाही. हँड शॉवर कड्यावरून काढून फरशीवर आडवा टाका. कड्यावर टांगलेला राहिला तर त्याच्या नळीला पोट पडतं आणि पाणी तिथंच साचतं.

त्यानंतर जेट, म्हणजे संडासाजवळचा हातात धरायचा फवारा. मोटरहोमची बहुतेक परदेशी माहितीपत्रकं हा जेट गृहीतच धरत नाहीत, त्यामुळं ती पत्रकं वाचून पाणी काढणारे नेमके इथं चुकतात. आपल्याकडं जेटशिवाय गाडी बनत नाही. त्याच्या खटक्याच्या तोंडाशी झडप असते आणि मागं अँगल कॉक, म्हणजे दोन्हीकडून बंद असलेला, पाण्यानं काठोकाठ भरलेला तुकडा. निपाणीच्या गाडीत पाणी कोंडायच्या ज्या जागा सापडल्या त्यातली ही पहिली. अँगल कॉक उघडा ठेवा, जेट खाली जमिनीशी धरून खटका दाबा आणि नळीतलं सगळं पाणी जाऊ द्या. नंतर खटका दाबलेल्या स्थितीत रबर बँडनं बांधून ठेवा.

दुसरी जागा होती गिझरची. घरचं प्लंबिंग करणाऱ्या हातांना गिझरच्या थंड तोंडावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारी झडप, बसवायची सवय असते. घरात ते बरोबरच आहे, गरम पाणी उलटं येऊ नये म्हणून. पण गाडीत लाईनचा कॉक एनआरव्हीच्या अलीकडं असला तर कॉक कितीही वेळ उघडा ठेवा, गिझरमधलं पाणी हटत नाही. १० लिटरच्या गिझरमधल्या पाण्याचा बर्फ झाला तर त्याला जवळजवळ एक लिटर जास्तीची जागा लागते, आणि ती मिळाली नाही तर टाकीचा सांधा उकलतो. कॉक एनआरव्ही आणि गिझर यांच्यामध्ये हवा. तुमच्या गाडीत तो कुठं आहे ते सहलीला जायच्या आधी, इथंच घरी बघून घ्या. काही विलायती गिझरमध्ये आपोआप उघडणारी झडप असते. ट्रुमाच्या गिझरची झडप सुमारे ३ अंश सेल्सिअसला स्वतः उघडते आणि पाणी सोडून देते. पण ती रिकामा करते फक्त गिझर. पाईप, पंप, मिक्सर यांचं काम तुम्हालाच करावं लागतं.

बॉल व्हॉल्व्हबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे जाणत्या मिस्त्रींच्याही लक्षात येत नाही. व्हॉल्व्हच्या आत आरपार भोक असलेला गोळा असतो. चावी बंद केली की गोळा आडवा होतो आणि त्या भोकातलं पाणी आतच अडकतं. दोन्ही बाजूंचे पाईप रिकामे असले तरी गोळ्याच्या पोटात पाणी राहतं, ते गोठतं आणि व्हॉल्व्हची बॉडी तडकते. म्हणून पाणी काढल्यावर चावी पूर्ण बंद नको आणि पूर्ण उघडीही नको, अर्धी तिरकी ठेवायची. त्या स्थितीत गोळ्याचं भोक आणि बाहेरची पोकळी दोन्ही मोकळ्या राहतात.

पंप हा सगळ्यात महागाचा बळी. १२ व्होल्टच्या डायफ्राम पंपाच्या डोक्यात लहान लहान झडपा असतात आणि त्या पाणी मागं जाऊ देत नाहीत, त्यामुळं टाकी आणि पाईप रिकामे झाले तरी डोक्यात पाणी शिल्लक राहतं. टाकी रिकामी झाल्यावर पंपाचा बाहेर जाणारा पाईप सोडा, तोंडाशी फडकं धरा आणि पंप काही सेकंद कोरडाच चालवा. उरलेलं पाणी तो स्वतःच फेकून देतो. डायफ्राम पंपाला एवढं कोरडं चालणं सोसतं, पण उगाच लांबवू नका. पंपाच्या आधी जाळीची वाटी असते, ती फिरवून काढा, रिकामी करा आणि सैल लावून ठेवा. दाब धरून ठेवणारी लहान टाकी लाईनवर असेल तर तीही सोडवून उलटी करा. पाण्याचा फिल्टर असेल तर त्याची कांडी काढून घरीच ठेवा. आरओचा मेम्ब्रेन किंवा सिरॅमिकची कांडी ओली असताना एकदा गोठली की तिचा भरवसा उरत नाही. गळती दिसत नाही, पण पाणी गाळण्याचं तिचं काम मात्र संपलेलं असतं.

एवढं झाल्यावर गाडीचं एक चाक दगडावर चढवा, कॉक ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचं. थोडा वेळ थांबा, मग दुसऱ्या बाजूनंही तसंच करा. दोन्ही वेळा कॉकमधून पाणी येतं, आणि पहिल्यांदा करणारा माणूस ते बघून चकित होतो.

हवा मारायची असेल तर पंपाच्या पुढच्या बाजूनं मारावी. पंपातून मागं हवा जात नाही, त्याच झडपांमुळं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब टायरसाठी लावलेला असतो, तो तसाच लाईनवर सोडू नका. ३० पीएसआयच्या वर जायचं कारण नाही. नाहीतर थंडीनं जे व्हायचं ते हवेनंच होईल. हवा मारताना सगळे नळ आणि कॉक बंद ठेवून एकेक उघडायचा, लांबच्या नळापासून सुरुवात करून. तुषार थांबून नुसती हवा आली की तो नळ बंद करून पुढचा. सगळं संपल्यावर मात्र सगळे नळ परत उघडायचे आणि सहल संपेपर्यंत उघडेच ठेवायचे, कॉकसुद्धा.

सिंक आणि बेसिनखाली वाकड्या पाईपात जे पाणी राहतं ते काढता येत नाही, आणि काढायचंही नसतं, कारण तेच सांडपाण्याच्या टाकीचा वास अडवतं. तिथं प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेलं अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, ओतायचं. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट पाण्याच्या लाईनीत किंवा सिंकमध्ये कधीही ओतू नका. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि चवीला गोडसर लागतं. लहान मूल किंवा कुत्रं ते चाटेल ही भीती खरी आहे. मिठाचं पाणी हा जुना उपाय आहे आणि सौम्य थंडीत तो चालतो, पण काझाच्या जानेवारीत त्याच्यावर विसंबू नका. सांडपाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आणि रिकामी करायची ती डोंगर चढायच्या आधी, नीट जागा बघून. बर्फात सोडलेलं साबणाचं पाणी वसंतात कुणाच्या तरी शेताच्या कुहलीतच, म्हणजे पाटातच, उतरतं. कॅसेट टॉयलेट, म्हणजे काढता येणाऱ्या टाकीचा संडास, असेल तर त्याची फ्लशची वेगळी टाकीही लक्षात ठेवून रिकामी करा.

नळ थेंब थेंब चालू ठेवायचा उपाय पहाडातल्या घरांत करतात. तो गाडीत चालत नाही. घराला मागून सतत पाणी येत असतं, आपल्याकडं टाकी संपते आणि तेच थेंब सांडपाण्याच्या टाकीत जाऊन गोठतात. थंडीत वरच्या मुलखात राहायचं तर जार, तांब्या आणि बादली. २० लिटरचा जार झोपायच्या जागेजवळ ठेवला, म्हणजे माणसांच्या आणि हीटरच्या उबेत तो गोठत नाही. काझा-केलाँगला हिवाळ्यात स्थानिक लोकांचे नळसुद्धा गोठलेले असतात, तेही बादल्यांनीच पाणी वाहतात. आठवडाभर आपल्यालाही ते जमतं.

दर वर्षी हे सगळं करायचं नसेल तर गाडीतच थोडा बदल करून घ्या, खर्च मिक्सरपेक्षा फार नाही. इथं बनलेल्या बऱ्याच गाड्यांत कॉक जिथं हात पोचतो तिथं लावलेला असतो. लाईनची सगळ्यात खालची जागा कुठली, हे कुणी बघितलेलं नसतं. गाडी सपाट जागी उभी करून पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघा, जिथं पाईप सगळ्यात खाली येतो तिथं टी आणि कॉक बसवा, गरम लाईनीला वेगळा आणि थंड लाईनीला वेगळा. मीटरमागं सेंटिमीटरभर ढाळ द्या. फरशीखालनं गेलेला पाईप शक्य असेल तर आत घ्या. सीपीव्हीसी घरासाठी चांगला, पण गोठलं की तडकतो. पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा, पाईप थोडा ताणला जातो आणि परत येतो. मात्र त्याची फिटिंग तेवढी सोसत नाहीत, त्यामुळं पेक्स घातला म्हणून पाणी काढायचं सोडू नका. पंपाच्या दोन्ही तोंडांना युनियन लावून घ्या, म्हणजे पान्याशिवाय हातानं पंप सुटेल. बोअरचं पाणी भरत असाल तर कॉक महिन्यातून एकदा फिरवत राहा. क्षार धरून कॉक जाम झाला की तो नेमका मनालीत, हातमोजे घालून, तुटेल.

पाणी काढल्यावर स्टिअरिंगला एक जाड पुठ्ठा बांधा: "लाईन रिकामी आहे, गिझर-पंप लावू नका." गाडी एकापेक्षा जास्त माणसं चालवत असतील तर हा पुठ्ठा हवाच.

परत आल्यावर भरताना घाई करू नका. आधी पंपाची जाळी आणि फिल्टरची कांडी जागेवर बसवा, जेटचा रबर बँड काढा, नंतर कॉक बंद करा. टाकी अर्धी भरा, नळ उघडे ठेवूनच पंप लावा. गरम बाजूच्या नळातून हवा संपून सलग धार येईपर्यंत गिझरच्या बटणाला हात लावू नका. नंतर नळ बंद करा, पंप थांबू द्या आणि वर सांगितलेली ऐकायची परीक्षा घ्या, टिश्यू पेपरसकट. पहिलं पाणी फेकून द्या. रात्री झोपताना पंपाचं बटण चालूच ठेवा. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर बारीकशी गळतीही पंपाच्या आवाजानं कळते. पंप रात्रभर उठला नाही तर लाईन धड आहे, टाकी पूर्ण भरायला हरकत नाही.